नाशिकची घरपट्टी : अर्थ, आकारणी आणि विनियोग यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल उजाडला की घरपट्टीची बिले हातात पडू लागतात आणि सोसायटीच्या बैठकीत, गावठाणातल्या ओट्यावर, सिडकोतल्या गल्लीत तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. बिल बहुतेकांकडून भरले जाते, पण वाचले फार थोड्यांकडून जाते. शेवटची बेरीज पाहायची, रक्कम भरायची आणि पावती फाइलला लावायची, एवढ्यावरच काम संपते. प्रत्येक नाशिककराने आपले बिल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः वाचावे, या इच्छेने पुढील उत्तरे लिहिली आहेत.

मालमत्ता कर आणि घरपट्टी हे दोन वेगळे कर आहेत का?

नाही. कायद्यात ज्याला मालमत्ता कर म्हटले आहे त्यालाच बोलीत घरपट्टी म्हणतात. ‘घरपट्टी’ या शब्दामुळे हा कर फक्त राहत्या घरावर असतो, असा समज होतो. तो बरोबर नाही. दुकान, गोदाम, कारखाना, दवाखाना, मंगल कार्यालय आणि मोकळा भूखंड हे सर्व त्याच्या कक्षेत येतात, कारण राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीत, ४९व्या नोंदीत, ‘जमिनी व इमारती यांवरील कर’ असाच उल्लेख आहे. राज्याने हा अधिकार कायद्याद्वारे स्थानिक संस्थांकडे सोपवला असून नाशिकमध्ये त्यासाठी १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येत नाही, असे घटनेचे कलम २६५ सांगते, म्हणून बिलातील प्रत्येक रकान्यामागे कोणता तरी कायदा असतोच आणि तो कोणता, हे विचारण्याचा नागरिकाला पूर्ण अधिकार आहे.

पाणीपट्टी मात्र वेगळी आहे. नळजोडणीवर, वापरलेल्या पाण्यासाठी तिचे बिल स्वतंत्र येते. घरपट्टीच्या बिलात पाण्याशी संबंधित एखादा लाभकर दिसला, तर एकाच गोष्टीचे पैसे दोनदा घेतले असे लगेच समजू नये. पाण्याची व्यवस्था परिसरात उपलब्ध असणे आणि प्रत्यक्ष पाणी वापरणे या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या मानलेल्या आहेत.

मी नाशिकला राहतो, पण माझी घरपट्टी महापालिकेकडे जात नाही. असे का?

पत्त्यात ‘नाशिक’ असले तरी घर नाशिक महानगरपालिकेच्या हद्दीत असेलच असे नाही. महापालिका १९८२ मध्ये स्थापन झाली आणि आज तिचे सहा विभाग आहेत : नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नवीन नाशिक अर्थात सिडको, सातपूर आणि नाशिक रोड. देवळाली कॅम्पचा कारभार कटक मंडळाकडे (कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे) आहे, भगूरला स्वतंत्र नगरपरिषद आहे आणि हद्दीला लागून असलेल्या अनेक गावांत ग्रामपंचायतच कर आकारते व तिची नोंद ‘नमुना ८’च्या उताऱ्यात असते. शहराच्या कडेला घर घेताना इमारत नेमकी कोणाच्या हद्दीत आहे, हे आधी पाहावे, कारण कराचा दर, आकारणीचे नियम आणि दाद मागण्याची जागा हे सारे त्यावर ठरते.

बिलात इतके रकाने कशासाठी असतात?

कारण घरपट्टी हा एक कर नसून अनेक करांची मोळी आहे. सर्वांत महत्त्वाचा रकाना सर्वसाधारण कराचा असतो. हा पैसा महापालिकेच्या सर्वसाधारण कामांसाठी असतो आणि तो एखाद्याच सुविधेला बांधलेला नसतो. त्याच्या जोडीला स्वच्छता, मलनिस्सारण, पाणी, अग्निशमन अशा विशिष्ट सेवांशी निगडित कर येतात. झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ मध्ये झालेल्या राज्य कायद्याच्या आधारे वृक्षकर घेतला जातो.

याशिवाय काही रकान्यांतील पैसा महापालिकेचा नसतोच. १९६२ च्या महाराष्ट्र शिक्षण व रोजगार हमी (उपकर) अधिनियमानुसार येणारा शासनाचा शिक्षण कर महापालिका आपल्या बिलातून गोळा करते आणि राज्य शासनाकडे जमा करते. रोजगार हमी उपकर निवासी घरांवर नसून व्यापारी व अन्य बिगरनिवासी जागांवर असतो. मेनरोडवरचा किंवा शालिमारजवळचा दुकानदार जी घरपट्टी भरतो, तिच्यातला छोटासा भाग अशा रीतीने राज्याच्या ग्रामीण भागातील रोजगार हमीच्या कामाला हातभार लावत असतो, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. ते त्याला माहीत असावे, असे मला मनापासून वाटते. मोठ्या क्षेत्रफळाच्या निवासी जागांवरही राज्याचा एक स्वतंत्र कर आहे.

म्हणून ‘महापालिकेने घरपट्टी वाढवली’ असे म्हणण्यापूर्वी वाढ कोणत्या रकान्यात झाली आहे, ते पाहावे. मागील वर्षीचे आणि या वर्षीचे बिल शेजारी ठेवून एकेक रकाना ताडून पाहिला, तर दहा मिनिटांत ते कळते.

‘करयोग्य मूल्य’ म्हणजे काय? ते घराच्या बाजारभावावरून ठरते का?

नाशिकमध्ये ते बाजारभावावरून ठरत नाही, भाड्यावरून ठरते. ही जागा वाजवी रीतीने भाड्याने दिली, तर वर्षाला किती भाडे यावे, याचा अंदाज म्हणजे वार्षिक भाडेमूल्य. त्यातून दुरुस्ती व इतर सर्व खर्चापोटी १० टक्के वजावट देऊन जी रक्कम उरते तिला करयोग्य मूल्य म्हणतात. जागा प्रत्यक्ष भाड्याने दिलेली नसली, मालक स्वतः राहत असला, तरी हिशेब असाच होतो. मुंबई महापालिकेने २०१० पासून भांडवली मूल्यावर आधारित पद्धत स्वीकारली आहे. तेथे जागेच्या बाजारमूल्याशी कर जोडलेला आहे. मुंबईतल्या नातेवाइकाचे गणित नाशिकच्या बिलाला म्हणूनच लागू पडत नाही.

पद्धत समजावी म्हणून एक हिशेब मांडतो. यातील दर समजण्यापुरते धरलेले आहेत, ते महापालिकेचे दर नाहीत. ६० चौरस मीटरची एक सदनिका आहे आणि तिच्यासाठी दर चौरस मीटरला दरमहा २० रुपये भाडेमूल्य धरले आहे असे मानू. ६० गुणिले २० म्हणजे महिन्याला १,२०० रुपये आणि वर्षाला १४,४०० रुपये. त्यातून १० टक्के, म्हणजे १,४४० रुपये वजा केले की करयोग्य मूल्य १२,९६० रुपये होते. सगळ्या रकान्यांची टक्केवारी मिळून ४० टक्के धरली, तर वर्षाची घरपट्टी ५,१८४ रुपये होईल आणि सहामाही हप्ता २,५९२ रुपये होईल.

या हिशेबात तीन आकडे निर्णायक आहेत : क्षेत्रफळ, दर आणि टक्केवारी. टक्केवारी महापालिका ठरवते व ती त्या त्या प्रकारच्या सर्व मिळकतींना सारखी असते. दर हा जागेचा परिसर, बांधकामाचा प्रकार, वापर आणि नोंदणीचे वर्ष यांवर अवलंबून असतो. क्षेत्रफळ मात्र फक्त तुमच्या घराचे असते आणि चूक होण्याची शक्यता सर्वांत जास्त तेथेच असते. घराचा मंजूर नकाशा आणि खरेदीखत काढावे, बिलासाठी धरलेले क्षेत्रफळ त्यांच्याशी ताडून पाहावे, चटई क्षेत्र (भिंतींच्या आतले) आणि बांधीव क्षेत्र (भिंती धरून) यांची गल्लत झालेली नाही ना, याची खात्री करावी. वापराच्या रकान्यात ‘निवासी’ ऐवजी ‘बिगरनिवासी’ लागले असेल, तर दर एकदम चढतो. तळमजल्यावर सायकली व जुने सामान ठेवायच्या खोलीची नोंद दुकान म्हणून झाली, तर तेवढ्या एका शब्दाने वर्षानुवर्षे जादा पैसे भरावे लागतात.

माझे घर आणि शेजारच्या जुन्या इमारतीतले घर सारख्याच आकाराचे आहे. मग माझी घरपट्टी कितीतरी जास्त का?

नाशिकमध्ये सर्वांत जास्त नाराजी याच प्रश्नामुळे आहे आणि ती निराधार नाही.

वार्षिक भाडेमूल्याचे दर ज्या काळात मिळकतीची नोंद झाली त्या काळाप्रमाणे चालत आलेले असतात. गावठाणातल्या, जुन्या नाशिकमधल्या किंवा पंचवटीतल्या वाड्यांचे मूल्य फार पूर्वीच्या भाड्यांवर बेतलेले आहे. भाडे नियंत्रण कायद्याखाली असलेल्या जागांचे भाडेच अल्प असल्यामुळे त्यांचे करयोग्य मूल्यही अल्प राहिले. दुसरीकडे, महापालिकेने १ एप्रिल २०१८ पासून नव्याने नोंद होणाऱ्या मिळकतींसाठी भाडेमूल्याचे दर मोठ्या प्रमाणात वाढवले आणि मोकळ्या भूखंडांचाही त्यात समावेश केला. त्या निर्णयाविरुद्ध शहरात मोठे आंदोलन झाले, शेतकरीही रस्त्यावर उतरले आणि महासभेत त्यावर घणाघाती चर्चा झाली.

वरच्याच उदाहरणात जुन्या इमारतीचा दर २० ऐवजी ५ रुपये धरला, तर करयोग्य मूल्य ३,२४० रुपये आणि घरपट्टी १,२९६ रुपये होईल. घर तेवढेच, रस्ता तोच, घंटागाडीही तीच, आणि करात चौपट फरक. दर वाढवू नयेत असे माझे म्हणणे नाही. अनेक वर्षे दर गोठवून ठेवायचे आणि मग सगळा भार नव्या घरमालकावर टाकायचा, ही रीत मला अन्यायाची वाटते. ठरावीक वर्षांनी सर्वच मिळकतींचे थोडे थोडे फेरमूल्यांकन झाले असते, तर ही दरी इतकी रुंद झाली नसती. पण वैयक्तिक तक्रार करताना ‘शेजाऱ्याला कमी आहे’ हा मुद्दा फारसा टिकत नाही. आपले क्षेत्रफळ, वापर, परिसर किंवा नोंदणीचे वर्ष चुकले आहे, हे दाखवणारी तक्रार टिकते.

मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. ती माफी नाशिकला आहे का?

नाही. २०२२ मध्ये राज्य शासनाने घेतलेला तो निर्णय मुंबई महापालिकेच्या हद्दीतील ४६.४५ चौरस मीटरपर्यंतच्या निवासी घरांसाठी होता. नाशिकमध्ये अशीच मागणी झाली, तरी मागणी म्हणजे माफी नव्हे. ‘माफी होणार आहे’ या ऐकीव भरवशावर घरपट्टी थकवणाऱ्यांना पुढे शास्तीसह, म्हणजे दंडासह, रक्कम भरावी लागते.

मग सवलत किंवा सूट कोणाला मिळते?

ज्या इमारती व जमिनी केवळ सार्वजनिक उपासनेसाठी किंवा सार्वजनिक धर्मादाय कामासाठी वापरल्या जातात, त्यांना सर्वसाधारण करातून सूट आहे. ‘केवळ’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. मंदिराच्या आवारातला भाड्याने दिलेला गाळा या सुटीत बसत नाही. केंद्र सरकारच्या मालमत्तांना घटनेच्या कलम २८५ चे संरक्षण आहे. माजी सैनिक आणि दिवंगत सैनिकांच्या पत्नींसाठी राज्य शासनाने २०२० मध्ये मालमत्ता कर माफीची योजना आणली. देवळालीच्या सान्निध्यामुळे नाशिक परिसरात अशी कुटुंबे बरीच आहेत. आपल्या ओळखीत कोणी असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या दाखल्यासह अर्ज करावा लागतो, हे त्यांना आवर्जून सांगावे. सवलत आपोआप लागत नाही.

घरपट्टीचा पैसा नेमका कुठे जातो?

तो महापालिका निधीत जमा होतो आणि अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये सांगितलेली बंधनकारक कर्तव्ये पार पाडण्यासाठी प्रामुख्याने वापरला जातो : पाणी, गटारे, रस्ते, दिवे, कचरा, अग्निशमन, साथरोग नियंत्रण, जन्म-मृत्यू नोंद, स्मशानभूमी. नाशिकपुरते बोलायचे तर गंगापूर आणि मुकणे धरणांतून येणारे पाणी शुद्ध करून घरोघरी पोहोचवावे लागते, आणि तेच पाणी सांडपाणी होऊन परत आले की तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक अशा केंद्रांत त्यावर प्रक्रिया करावी लागते. ही केंद्रे नीट चालली नाहीत, तर परिणाम थेट गोदावरीच्या पात्रात दिसतो. रामकुंडावर ओंजळीत घेतलेले पाणी स्वच्छ असावे असे वाटत असेल, तर बिलातील मलनिस्सारणाच्या रकान्याकडे आपुलकीने पाहिले पाहिजे. सकाळी घंटा वाजवत दारापुढे येणारी घंटागाडी, शिंगाडा तलावाजवळच्या अग्निशमन मुख्यालयातून निघणारा बंब, नाशिक रोडचे बिटको आणि कथड्याचे झाकीर हुसेन रुग्णालय, उद्याने, अभ्यासिका, हे सगळे याच निधीतून चालते.

हा कर आज पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचा का झाला, त्यामागे एक इतिहास आहे. महापालिकेचे मोठे उत्पन्न पूर्वी जकातीचे होते. नाशिकमध्ये २०१३ मध्ये जकातीची जागा स्थानिक संस्था कराने घेतली, १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तोही बंद झाला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्यावर महापालिकेला राज्याकडून भरपाईचे अनुदान मिळू लागले. ते अनुदान मोठे आहे, पण ते राज्याच्या हातून येते. आपल्या हिमतीवर उभे करायचे, शहराच्या वाढीबरोबर वाढणारे प्रमुख साधन म्हणून घरपट्टीच उरली. आपल्या पैशावर चालणारी नगरसंस्था आपल्याला उत्तर देते, अनुदानावर चालणारी वरच्यांना उत्तर देते. म्हणूनच घरपट्टी भरणे आणि तिचा हिशेब मागणे या दोन्ही गोष्टी मला सारख्याच महत्त्वाच्या वाटतात. महापालिकेचे अंदाजपत्रक दरवर्षी जाहीर होते. त्यात आपल्या विभागातील रस्ते आणि गटारांसाठी किती तरतूद आहे, हे पाहणारे नागरिक वाढले पाहिजेत.

आमच्या वसाहतीत रस्ता धड नाही आणि पाणीही पुरेसे येत नाही. मग आम्ही कर का भरावा?

कर आणि शुल्क यांत फरक आहे. शुल्क विशिष्ट सेवेचा मोबदला असते. सेवा नाही तर शुल्क नाही, असे म्हणता येते. सर्वसाधारण कर मात्र सामाईक वर्गणीसारखा आहे. ज्याच्या घरी कधी आग लागली नाही त्याच्याही पैशातून बंब विकत घेतला जातो, आणि ज्याची मुले खासगी शाळेत जातात तोही महापालिका शाळेला हातभार लावतो. त्यामुळे ‘रस्ता नाही म्हणून कर भरणार नाही’ हा युक्तिवाद कायद्यापुढे टिकत नाही आणि थकबाकीवर शास्ती चढत राहते. लाभकराच्या रकान्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे : परिसरात मलवाहिनीच टाकलेली नसताना तिच्याशी निगडित कर लागला असेल, तर तेवढ्या रकान्यापुरती लेखी हरकत जरूर घ्यावी.

कर नियमित भरलेला असला की तक्रारीला वजन येते. पाथर्डी फाटा, म्हसरूळ, अंबड अशा झपाट्याने वाढलेल्या भागांतील रहिवाशांनी आपल्या वसाहतीतून भरल्या गेलेल्या घरपट्टीची बेरीज काढून निवेदनाला जोडावी. शंभर पावत्यांची बेरीज लिहिलेला कागद तोंडी तक्रारीपेक्षा जास्त बोलका असतो.

घरपट्टी कधी भरायची? लवकर भरल्यास काही फायदा आहे का?

कायद्यानुसार ती सहामाही आणि आगाऊ देय असते : पहिली सहामाही १ एप्रिलला व दुसरी १ ऑक्टोबरला. वर्षाची पूर्ण रक्कम आगाऊ भरणाऱ्यांना नाशिकमध्ये आर्थिक वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत सवलत दिली जाते. ती एप्रिलमध्ये सर्वांत जास्त असते आणि पुढील महिन्यांत घटत जाते. टक्केवारी त्या त्या वर्षी जाहीर होते. विभागीय कार्यालयात किंवा महापालिकेच्या संकेतस्थळावरून भरणा करता येतो. ऑनलाइन भरताना बिलावरील इंडेक्स नंबर लागतो. खरेदीखतासोबत नोंदणी कार्यालयातून मिळणारा ‘इंडेक्स टू’ वेगळा आणि घरपट्टीचा इंडेक्स नंबर वेगळा. या दोन कागदांची गल्लत अनेक जण करतात. रक्कम भरण्यापूर्वी पडद्यावर दिसणारे नाव आणि पत्ता आपलाच आहे ना, हे वाचून घ्यावे, कारण एक आकडा चुकला तरी दुसऱ्याची घरपट्टी भरली जाते आणि ती परत मिळवणे सोपे नसते.

घरपट्टी थकली तर काय होते?

मुदत उलटल्यावर दरमहा दोन टक्के शास्ती लागते. वर्षाला २४ टक्के, म्हणजे बँकेच्या गृहकर्जाच्या व्याजापेक्षा कितीतरी जास्त. मघाच्या उदाहरणातील ५,१८४ रुपयांवर महिन्याला सुमारे १०४ आणि वर्षाला सुमारे १,२४४ रुपये नुसत्या शास्तीचे होतात. बिलानंतर मागणीची नोटीस, तिच्यानंतर अधिपत्र (वॉरंट) आणि जंगम मालमत्तेची अटकावणी, आणि तरीही वसुली न झाल्यास घराची जप्ती व लिलाव, असा क्रम कायद्यात आहे. घरपट्टीचा बोजा त्या मिळकतीवर प्रथम क्रमाने असतो, म्हणून घर विकले तरी थकबाकी घराबरोबर जाते. जुने घर घेणाऱ्याने खरेदीखतापूर्वी बेबाकी दाखला मागावा, तो याच कारणासाठी.

अधूनमधून शास्तीत सूट देणारी अभय योजना जाहीर होते. ज्यांच्यावर खरोखर संकट ओढवले होते त्यांना तिचा आधार मिळतो, हे खरे आहे. पण वारंवारच्या अभय योजनेने, एप्रिलमध्येच रांगेत उभे राहून कर भरणाऱ्या निवृत्त माणसाच्या मनात आपण फसलो की काय अशी भावना येते, आणि ती मला योग्य वाटत नाही.

घर भाड्याने दिले आहे. घरपट्टी मालकाने भरायची की भाडेकरूने?

प्राथमिक जबाबदारी घर भाड्याने देणाऱ्याची, म्हणजे मालकाची आहे. भाडेकरारात वेगळे ठरले असेल, तर तो दोघांमधला व्यवहार झाला. महापालिका मालकालाच विचारते. मालकाकडून वसुली होत नसेल, तर कायद्याने ती जागा वापरणाऱ्याकडूनही करता येते आणि अशी भरलेली रक्कम भाडेकरूला भाड्यातून वळती करून घेता येते. स्वतः राहत असलेली जागा आणि भाड्याने दिलेली जागा यांच्या मूल्यांकनात फरक पडू शकतो, म्हणून भाडेकरू निघून गेल्यावर तसे लेखी कळवणे मालकाच्याच हिताचे असते. घर दीर्घकाळ रिकामे राहणार असेल, तरी तसे आधीच लेखी कळवावे; मागाहून ‘घर बंदच होते’ असे सांगून फारसे हाती लागत नाही.

घर विकत घेतले किंवा वडील वारले. बिलावर नाव आपोआप बदलते का?

बदलत नाही. मिळकत हस्तांतरित झाल्यावर तीन महिन्यांच्या आत दोन्ही पक्षांनी महापालिकेला कळवावे आणि मालकाचा मृत्यू झाल्यास वारसाने एका वर्षाच्या आत कळवावे, असे कराधान नियमांत आहे. विक्रेत्याने कळवले नाही, तर नोंद बदलेपर्यंत कराची जबाबदारी त्याच्यावरही राहू शकते, हे घर विकून मोकळे झालेल्यांनी लक्षात ठेवावे.

या बाबतीत आमच्या घरी झालेली हयगय सांगतो. वडील गेल्यानंतर सात वर्षे बिल त्यांच्याच नावे येत राहिले. आई ते बिल देवघराच्या फळीवर ठेवी, मी भरून येई, आणि त्यांचे नाव छापलेले पाहून बरे वाटे, म्हणून बदलावेसे कोणालाच वाटले नाही. वाड्याच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली तेव्हा मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, परगावी दिलेल्या बहिणीची संमती, सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावरील नोंद असे कागद जमवता जमवता आठ महिने गेले. वर्षाच्या आत हेच काम चार फेऱ्यांत झाले असते. सिडकोच्या घरांबाबत सिडकोकडील हस्तांतरण आणि महापालिकेकडील नावनोंद ही दोन स्वतंत्र कामे आहेत. एक झाले म्हणजे दुसरे झाले, असे धरू नये.

घरपट्टीची पावती माझ्या नावे आहे. म्हणजे मी मालक ठरतो का?

नाही. कर वसूल करायचा कोणाकडून, एवढ्यापुरती ती नोंद असते. अशा नोंदींनी मालकी निर्माण होत नाही आणि संपतही नाही, असे न्यायालयांनी वेळोवेळी सांगितले आहे. मालकीसाठी नोंदणीकृत खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र असे दस्तऐवज लागतात, आणि सातबारा किंवा मालमत्ता पत्रक त्यांना पूरक ठरते. मात्र दीर्घकाळच्या सलग पावत्या ताबा दाखवायला उपयोगी पडतात. भावाभावांच्या वाटणीत ‘घरपट्टी मी भरतो, म्हणून घर माझे’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की हे स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते.

वाढीव खोली परवानगीशिवाय बांधली आहे. तिची घरपट्टी भरली तर ती अधिकृत होते का?

होत नाही. अनधिकृत बांधकामावर कर आणि वर दंडात्मक शास्ती लावण्याची तरतूद कायद्यात आहे आणि असा कर घेतल्याने बांधकाम नियमित झाले असे मानता येणार नाही, हेही कायद्यातच म्हटले आहे. बांधकाम नियमित करून घेण्याचा मार्ग नगररचना विभागाकडून जातो, कर विभागाकडून नव्हे.

बिल चुकीचे वाटले तर दाद कोठे मागायची?

येथे वेळेला सर्वाधिक महत्त्व आहे. नवी मिळकत नोंदली जाते किंवा जुन्या मिळकतीचे करयोग्य मूल्य वाढते, तेव्हा महापालिकेने विशेष नोटीस द्यावी लागते आणि तीत हरकत घेण्याची मुदत दिलेली असते. ती नोटीस म्हणजे बिल नव्हे, म्हणून पुष्कळ जण ती बाजूला ठेवतात, आणि पुढे बिल आले की धावपळ करतात. हरकत घेण्याची खरी वेळ नोटिशीची असते. हरकतीचा अर्ज साध्या भाषेत लिहावा, चूक नेमकी कोणत्या आकड्यात आहे ते दाखवावे, मंजूर नकाशा, खरेदीखत आणि मागील बिल यांच्या प्रती जोडाव्यात आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. मोजणी चुकली असे म्हणणे असेल, तर प्रत्यक्ष फेरमोजणीची मागणी करावी व त्या वेळी स्वतः हजर राहावे. सुनावणीला बोलावणे आले की जावेच.

निर्णय मान्य नसेल, तर अधिनियमाच्या कलम ४०६ नुसार न्यायालयात अपील करता येते. त्यासाठी पंधरा दिवसांची मुदत आहे, त्यापूर्वी हरकत नोंदवलेली असावी लागते आणि मागणीची रक्कम भरावी लागते. ही अट सामान्य माणसाला जाचक वाटते, हे मान्य केले पाहिजे. म्हणूनच पहिल्या टप्प्यावर, विभागीय कार्यालयातच, कागदांनिशी नीट बाजू मांडणे शहाणपणाचे.

आयकरात घरपट्टीची वजावट मिळते का?

भाड्याने दिलेल्या घराच्या उत्पन्नातून, मालकाने त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा होते आणि त्यानंतर उरलेल्या रकमेवर ३० टक्क्यांची प्रमाणित वजावट मिळते. नुसती देय असलेली, पण न भरलेली घरपट्टी वजा होत नाही.

जुन्या पावत्या किती वर्षे जपून ठेवाव्यात?

घर आहे तोवर. संगणकीय नोंदीत एखाद्या जुन्या वर्षाची थकबाकी अचानक उगवली, तर तुमच्या हातातली पावतीच तुमच्या बाजूने बोलते. यंत्रावर छापलेल्या पावत्यांची शाई काही वर्षांत उडते, तेव्हा त्यांची झेरॉक्स काढून मूळ पावतीला जोडून ठेवावी. ऑनलाइन भरणा केला असेल, तर मोबाइलवरील संदेशावर न थांबता पावती उतरवून घ्यावी, छापावी, आणि घरातल्या पुढच्या पिढीतील एकाला तरी ती फाइल कोणत्या कपाटात आहे ते दाखवून ठेवावे.